मूल कोणाच्या हवाली? : इटलीच्या कायद्याची ओळख

मुलाचा 'ताबा' हा शब्द मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून खटकत आला आहे. ताबा शेताचा असतो, घराचा असतो. कर्ज बुडाले म्हणजे सावकार भांड्याकुंड्यांचा घेतो तोही ताबाच. कोर्टाच्या कागदावर मात्र हाडामांसाच्या लेकराचाही ताबा 'दिला' जातो आणि 'घेतला' जातो. १९८१ साली मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी परिवीक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. लोक आम्हांला 'प्रोबेशन साहेब' म्हणत. रिमांड होममध्ये आणलेल्या मुलाच्या घरी जायचे, चौकशी करायची आणि बाल न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे आमचे काम. त्या अहवालाला गृहचौकशी म्हणत. ज्याला घर म्हणावे असे घर पुष्कळदा नसेच. चौकशी मात्र रीतसर होई.

सत्तावीस वर्षे मी हे काम केले. निवृत्तीनंतर इटलीच्या कायद्याकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. माझी मुलगी फ्लॉरेन्स शहरात संशोधनासाठी होती आणि २०२३ साली मी तीन महिने तिच्याकडे राहिलो. ती दिवसभर ग्रंथालयात असे. मी म्हातारा गावभर पायी फिरे. एका चौकात लांबलचक ओसरीची एक जुनी इमारत लागली. ओसरीच्या कमानींवर निळ्या चकत्या बसवलेल्या आणि प्रत्येक चकतीत दुपट्यात गुंडाळलेले एक तान्हे मूल. ओसरीच्या एका टोकाला जाळीची खिडकी होती. नको असलेले, किंवा पोसणे शक्य नसलेले मूल या खिडकीतून आत सरकवायचे आणि अंधारात निघून जायचे, अशी तिथली रीत होती. इमारतीचे नाव 'इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पापांचे इस्पितळ. १४४५ साली इथे पहिले मूल घेतले गेले. खिडकी बंद झाली १८७५ साली. संस्था आजही चालू आहे आणि मुलांच्या प्रश्नांवर अभ्यासाचे मोठे काम करते.

आत संग्रहालय आहे. तिथल्या लहान लहान खणांतल्या वस्तू पाहून माझे पाय जागीच थांबले. अर्धे कापलेले पदक, मण्यांची तुटकी माळ, फाटलेल्या चित्राचा तुकडा. आई मुलाच्या गळ्यात अर्धा तुकडा बांधी आणि उरलेला अर्धा स्वतःजवळ ठेवी. पुढेमागे दिवस बरे आले तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखायचे आणि परत न्यायचे, एवढ्या आशेवर. ज्यांना जग 'टाकलेली' मुले म्हणत होते त्यांतली कितीतरी टाकलेली नव्हतीच. आयांनी ती ठेव म्हणून ठेवली होती. परत न्यायला जमले नाही, एवढेच.

अशा मुलांना आडनावेही तशीच मिळत. नेपल्समध्ये 'एस्पोझितो', म्हणजे उघड्यावर ठेवलेला. रोमकडे 'प्रोयेत्ती', म्हणजे फेकलेला. फ्लॉरेन्समध्ये 'इन्नोचेन्ती'. आडनाव कानी पडताच माणसाची जागा ठरवण्याची विद्या आपल्या वाचकांना नवी नाही. आज एस्पोझितो हे नेपल्सचे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे आणि ते लावताना कोणी मान खाली घालत नाही. याला दीडदोनशे वर्षे लागली. असो.

मुद्दा कायद्याचा आहे. आपण ज्याला मुलाचा ताबा म्हणतो त्याला इटालियन कायद्यात 'आफ्फिदामेन्तो' असा शब्द आहे. त्याच्या मुळाशी 'फेदे', म्हणजे विश्वास आहे. विश्वासाने हवाली करणे असा त्याचा अर्थ. नवराबायको विभक्त झाल्यावर मूल कोणाकडे राहील यासाठी हाच शब्द. आणि आईबाप काही काळ सांभाळू शकत नाहीत म्हणून मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवणे, ज्याला आपल्याकडे फॉस्टर केअर किंवा प्रतिपालकत्व म्हणतात, त्यासाठीही हाच. शब्द चांगला असला म्हणजे व्यवहार चांगला होतो असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही 'हरिजन' हा शब्द ऐकायला गोडच होता.

१९४८ साली अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेत ३० वे कलम असे आहे की, मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण करणे हे आईबापांचे कर्तव्य आणि हक्क आहे, मुले विवाहाबाहेर जन्मलेली असली तरीही. कर्तव्य आधी आणि हक्क मागून, हा क्रम घटनाकारांनी जाणून ठेवला. आईबाप असमर्थ असतील तर त्यांची कामे पार पडतील अशी तजवीज कायद्याने करायची. याच घटनेचे ३ रे कलम म्हणते की, नागरिकांच्या स्वातंत्र्याला आणि समतेला प्रत्यक्षात आड येणारे आर्थिक व सामाजिक अडथळे दूर करणे हे प्रजासत्ताकाचे काम आहे. बाबासाहेबांच्या घटनेवर वाढलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटत नाही. परंतु घटना एका बाजूला आणि अनाथालयांच्या भिंती दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती तिथेही दीर्घकाळ होती. १९६० च्या दशकात लाखाहून अधिक मुले संस्थांमध्ये होती. त्यांतली बहुसंख्य मुले अनाथ नव्हती. त्यांच्या आया फटकळ किंवा वाईटही नव्हत्या. त्या गरीब होत्या.

१९६७ च्या कायद्याने दत्तकाची कल्पनाच बदलली. तोवर वारस नसलेल्या मोठ्या माणसाला वारस मिळवून देण्यासाठी दत्तक होता. आता तो घर नसलेल्या मुलाला घर देण्यासाठी झाला. त्यानंतर आला ४ मे १९८३ चा १८४ क्रमांकाचा कायदा. प्रतिपालकत्व आणि दत्तक या दोन्हींचा हा मूळ कायदा. २००१ साली १४९ क्रमांकाच्या कायद्याने त्यात मोठे बदल झाले आणि त्याचे नावच 'मुलाचा कुटुंबावरील हक्क' असे ठेवले गेले. पहिल्याच कलमात म्हटले आहे की, मुलाला स्वतःच्या कुटुंबात वाढण्याचा हक्क आहे, आणि आईबापांचे दारिद्र्य हे त्या हक्काच्या आड येऊ शकत नाही. त्यांना आधार आणि मदत देण्याच्या उपाययोजना कराव्यात. हे वाक्य मी मुलीकडून तीनदा वाचून घेतले. कायद्याच्या पुस्तकात इतक्या सरळ शब्दांत हे लिहिलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. अर्थात पुढच्याच ओळींत 'उपलब्ध निधीच्या मर्यादेत' अशी पुस्ती आहे. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या तीन शब्दांचे वजन सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवस्था कशी चालते ते पाहू. आई आजारी आहे, बाप तुरुंगात आहे, कोणी व्यसनात अडकले आहे, किंवा एकटीच्या बळावर घर निभत नाही. मदत देऊनही मूल तूर्त घरी राहू शकत नाही. अशा वेळी मुलाला दुसऱ्या कुटुंबात ठेवायचे. हे कुटुंब शक्यतो स्वतःची लहान मुले असलेले असावे. एकटी व्यक्तीही चालते. असे कुटुंब मिळाले नाही तर कुटुंबासारख्या लहान निवासात ठेवायचे. मोठ्या अनाथालयांचा मार्ग ३१ डिसेंबर २००६ पर्यंत बंद व्हावा अशी मुदत कायद्यानेच घालून दिली होती. जुनी अनाथालये त्याप्रमाणे बंद पडली. त्यांतली काही नावाची पाटी बदलून 'निवास' झाली, असे तिथलेच लोक सांगतात.

आईबापांची संमती असेल तर नगरपालिकेची समाजसेवा शाखा निर्णय घेते आणि पालकत्व न्यायाधीश त्यावर शिक्कामोर्तब करतो. संमती नसेल तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते. ही बाल न्यायालये १९३४ सालची, म्हणजे फॅसिस्ट राजवटीतली. परंतु त्यांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दोन व्यावसायिक न्यायाधीश आणि त्यांच्या जोडीला दोन नागरिक, एक पुरुष व एक स्त्री. मानसशास्त्र, शिक्षण, समाजकार्य असे विषय जाणणारे. २०२२ च्या सुधारणेने ही न्यायालये नव्या कुटुंब न्यायालयात विलीन करायचे ठरवले, पण ते काम पुढे पुढे ढकलले जात आहे. मूल बारा वर्षांचे असेल तर त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. लहान असले तरी समज असेल तर ऐकायचे.

प्रतिपालक कुटुंबाला मूल मिळते ते स्वतःचे करण्यासाठी नव्हे. शाळेत नाव घालणे, दवाखान्यात नेणे, हे नेहमीचे निर्णय ते घेतात. पण आईबापांच्या सूचना ध्यानात घ्यायच्या, भेटीगाठी टिकवायच्या आणि मूल परत जाईल अशीच वाट मोकळी ठेवायची. एक प्रकार मला फार आवडला. मूल रात्री आईकडेच झोपते. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुटुंबात राहते, जेवते, अभ्यास करते. आपल्या वस्तीत शेजारणी हे काम कायद्याविना करीत आल्या आहेत. तिथे त्याला कागद आहे आणि नगरपालिकेकडून थोडे पैसेही.

मूल सोपवण्याच्या आदेशात काय काय लिहिलेच पाहिजे हे १८४ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. कारणे. प्रतिपालकाचे अधिकार. आईबापांनी मुलाला कधी व कसे भेटायचे. जबाबदार समाजसेवकाने दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा. आणि ही सोपवणूक साधारण किती काळ चालेल त्याचा अंदाज. हा काळ चोवीस महिन्यांपेक्षा जास्त असता कामा नये. मुलाचे नुकसान होत असेल तर फक्त न्यायालय तो वाढवू शकते.

इथे मला माझ्या टेबलावरची एक फाईल सांगितली पाहिजे. योगायोग असा की ती १९८३ चीच आहे. सात वर्षांचा एक मुलगा एस. टी. स्टँडवर फिरताना पोलिसांना सापडला. आई खडी फोडायला जायची, बाप मेलेला. मी चौकशीला गेलो. पत्र्याची एक खोली, दारात गटार, शेजारी हातभट्टी. मी स्वतः अशाच वस्तीत वाढलेला; समाजही तोच. पण त्या दिवशी माझ्या पायांत बूट होते आणि हातात छापील फॉर्म होता. मी लिहिले, 'मातेस कायमचे उत्पन्न नाही. राहण्याची जागा अपुरी व अस्वच्छ. मुलाच्या संगोपनास पोषक वातावरण नाही.' एकही शब्द खोटा नव्हता. मुलाला संस्थेत पाठवण्याचा हुकूम झाला. कोर्टाच्या आवारात त्या बाईने मला विचारले, "साहेब, किती दिसासाठी?" मी म्हणालो, "बाई, ते कोर्टाचं काम आहे." हुकुमात उत्तर होते, अठरा वर्षांचा होईपर्यंत. ते मी तिला वाचून दाखवले नाही. भेटीचा वार रविवार होता. तिच्या खाणीची सुट्टी बाजारच्या दिवशी, मंगळवारी असे. पहिले काही महिने ती मंगळवारीच येऊन फाटकाबाहेर बसून जाई, असे पहारेकऱ्याने मला पुढे सांगितले.

म्हणून 'अंदाजे काळ' हा रकाना वाचताना मी थबकलो. पण रकाना भरला म्हणजे मूल परत गेले असे नाही. २०१० च्या अखेरीस इटलीत सुमारे २९ हजार मुले घराबाहेर ठेवलेली होती. जवळजवळ निम्मी प्रतिपालक कुटुंबांत आणि निम्मी निवासांत. कुटुंबांतल्यांपैकी पुष्कळ मुले आजी, मावशी, काका अशा नात्यातल्याच घरी होती. दोन वर्षांची मर्यादा असूनही निम्म्याहून अधिक सोपवणुकी त्यापलीकडे गेलेल्या. तिथल्या व्यावसायिकांत याला 'सीने दिये' असा लॅटिन शब्दप्रयोग रूढ आहे, म्हणजे बेमुदत.

हे झाले संमतीचे आणि कोर्टाचे. तिसरा मार्ग तातडीचा. नागरी संहितेचे ४०३ वे कलम हे इटलीतल्या गरीब आयांना तोंडपाठ असलेले कलम आहे. संहिता १९४२ ची. मूल कलमानुसार मूल 'नैतिक किंवा भौतिकदृष्ट्या टाकलेले' असेल, 'आरोग्याला अपायकारक किंवा धोकादायक जागेत' वाढत असेल, किंवा 'हयगय, अनीती, अज्ञान' यांमुळे असमर्थ असलेल्या माणसांकडून वाढवले जात असेल, तर सार्वजनिक अधिकाऱ्याने त्याला उचलून सुरक्षित जागी ठेवावे. हे शब्द आपल्या वाचकांनी सावकाश वाचावेत. अपायकारक जागेत कोण राहतो? अज्ञानी कोण ठरतो? अनीतीचे माप कोणाच्या हातात असते? संहिता लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वकिलाचे किंवा डॉक्टरचे घर नव्हते, हे सांगायला नको. आणि दारिद्र्य आड येणार नाही असे २००१ चा कायदा म्हणत असताना हे कलम मात्र जसेच्या तसे पुढे वीस वर्षे चालू राहिले. उचललेले मूल कोर्टासमोर किती दिवसांत आले पाहिजे, याची मुदतही त्यात नव्हती.

२०२१ च्या २०६ क्रमांकाच्या कायद्याने हे बदलले. जून २०२२ पासून नवे कलम लागू आहे. अपायकारक जागा, अनीती, अज्ञान हे शब्द गेले. आता घरात मुलाच्या शरीरमनाला गंभीर धोका आणि तातडीची निकड असली पाहिजे. आणि घड्याळ आले. मूल उचलल्याची खबर बाल न्यायालयाच्या सरकारी वकिलाला लगेच तोंडी द्यायची, चोवीस तासांत लेखी. त्याने बहात्तर तासांत एक तर कारवाई रद्द करायची किंवा कोर्टाकडे मंजुरी मागायची. कोर्टाने अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्यायचा, मुलासाठी स्वतंत्र विशेष पालक नेमायचा, आणि पंधरा दिवसांच्या आत आईबापांना बोलावून ऐकायचे. मुदत चुकली तर आदेश आपोआप निष्प्रभ होतो. निवासात ठेवणे हा शेवटचा उपाय, हेही आता कलमातच आहे. एवढे साधे घड्याळ बसवायला एका प्रगत देशाला १९४२ पासून ऐंशी वर्षे लागली. वकिलाचेही तसेच. दत्तकयोग्यतेच्या खटल्यात आईबापांना व मुलाला पहिल्यापासून वकील मिळालाच पाहिजे, असे २००१ साली ठरले. अंमलबजावणी लांबत लांबत २००७ च्या मध्यावर गेली. त्या सहा वर्षांत ज्या आया वकिलाविना उभ्या राहिल्या त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

फ्लॉरेन्समध्ये मुलीच्या ओळखीने एका समाजसेविकेशी बोलणे झाले. मुलगी दुभाषी. मी विचारले, 'कायद्याने दारिद्र्याचे कारण चालत नाही. मग गरीब आईविषयी तुम्ही अहवालात काय लिहिता?' बाई प्रामाणिक होत्या. जरा थांबून म्हणाल्या, 'गरीब असे आम्ही लिहीत नाही. नाजूक असे लिहितो. पालकत्वाची क्षमता अपुरी, असे लिहितो.' मला माझे 'पोषक वातावरण नाही' आठवले. कायद्यातून हाकललेला शब्द वेष पालटून अहवालात परत येतो, ही गोष्ट दोन खंडांतल्या दोन कारकुनी मेजांवर सारखीच घडते.

या अहवालांविरुद्धची दाद कधी कधी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाते. तिथे इटलीविरुद्ध लागलेल्या निकालांतली माणसे पाहावीत. एक चिनी आई. एकटी, कामाला जाताना मूल शेजाऱ्यांकडे ठेवायची. मूल दत्तक दिले गेले. २०१४ साली न्यायालयाने म्हटले की, मायलेकरांचे नाते टिकवण्यासाठी राज्याने पुरेसे केले नाही. एक नायजेरियन बाप. २००८ साली लहानगीला घेऊन होडीतून लांपेदूझा बेटावर उतरला. मुलगी संस्थेत गेली, मग दत्तक. २०१५ साली पुन्हा तोच निष्कर्ष. त्याच वर्षी नैराश्याने आजारी असलेल्या तीन मुलांच्या आईचा खटला, निष्कर्ष तोच. निकाल जिंकूनही मुले परत मिळतातच असे नाही. दत्तक झालेले असते, वर्षे गेलेली असतात.

परंतु इटलीत खरे अस्पृश्यासारखे जिणे जगतात ते रोमा लोक. त्यांचे पूर्वज हजार वर्षांमागे आपल्याच उपखंडातून गेले, हे भाषाशास्त्राने सिद्ध झाले आहे. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुष', नाकाला 'नख' म्हणतात. 'जिप्सी मुले चोरतात' ही कहाणी तिथे घरोघर आहे. मे २००८ मध्ये नेपल्सच्या पोंतिचेल्ली भागात एका रोमा मुलीवर तान्हे मूल पळवण्याचा आळ आला आणि जमावाने रोमांच्या झोपड्या पेटवल्या. उलट दिशेने जाणारी मुले कोणी मोजीत नाही. 'एकवीस जुलै' या संघटनेने 'माझी आई रोमा होती' या नावाने २०१३ साली रोम परिसराचा अहवाल काढला. रोमा मूल दत्तकयोग्य ठरवले जाण्याची शक्यता इतर मुलांच्या कितीतरी पट जास्त असल्याचे त्यात दाखवले आहे. कारण? जागा अयोग्य, मूल शाळेत नियमित नाही, आई रस्त्यावर भीक मागते. आणि ती जागा कोणी दिली? रोमच्या महापालिकेने २०१२ साली चांपीनो विमानतळाच्या कडेला ला बार्बूता नावाची कुंपणबंद वसाहत खास रोमांसाठी उघडली. २०१५ साली रोमच्या न्यायालयानेच ती भेदभाव करणारी ठरवली. म्हणजे पालिकेनेच गावाबाहेर घर द्यायचे आणि पालिकेच्याच समाजसेवकाने लिहायचे की घर राहण्याजोगे नाही.

आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, भामटा बांधवांना हे वाचून काही आठवेल. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या जमातींची सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

मूल उचलणे ही एक गोष्ट. ठेवतो ती जागा सुरक्षित आहे का, ही दुसरी. फ्लॉरेन्सजवळच्या मुजेल्लो खोऱ्यात 'इल फोर्तेतो' नावाची सहकारी वसाहत १९७७ साली निघाली. शेती, चीज, सामुदायिक जीवन. पुरोगामी मंडळींना तिचे कौतुक. १९८५ साली तिच्या दोन प्रमुखांना अत्याचाराबद्दल शिक्षा झाली. तरीही फ्लॉरेन्सचे बाल न्यायालय मुले तिथे पाठवीतच राहिले. २००० साली स्ट्रासबर्गने इटलीला दोषी धरले. तरीही वसाहतीचा दबदबा सुटला नाही. संस्थापकाला अटक झाली २०११ साली आणि शिक्षा २०१५ साली. विद्वानांची शिफारस असली की अहवाल कोणी उघडून पाहत नाही. गरीब आईच्या बाबतीत मात्र ताटवाटीसुद्धा मोजली जाते.

याच्या उलटचे उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर मी एकांगी होईन. २०१९ साली एमिलिया प्रांतातल्या बिब्बियानो गावाचे नाव देशभर गाजले. समाजसेवकांनी खोटे अहवाल करून मुले तोडली, असा आरोप. राजकीय पक्षांनी त्याचा निवडणुकीत झेंडा केला; साऱ्या समाजसेवकांना 'मुलेचोर' म्हटले जाऊ लागले. २०२५ साली पहिल्या कोर्टाचा निकाल लागला तेव्हा बहुतेक आरोपी निर्दोष सुटले. मधल्या काळात मारहाण सोसणाऱ्या किती मुलांच्या घरी जायला समाजसेवक कचरले असतील? काही मुलांना घरातून काढावेच लागते. हे मी सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो; चटके दिलेली पाठ मी पाहिली आहे. तक्रार मूल काढण्याबद्दल नाही. कोणत्या दारात किती लवकर जायचे, हे वस्ती पाहून ठरते, त्याबद्दल आहे.

मूल घरी परत जाणार नाही असे ठरले तर बाल न्यायालय त्याला दत्तकयोग्य जाहीर करते. त्यासाठी आईबाप आणि जवळचे नातेवाईक या दोघांकडूनही नैतिक व भौतिक आधार नसला पाहिजे, आणि हा अभाव तात्पुरत्या, अपरिहार्य कारणाने आलेला नसला पाहिजे. पूर्ण दत्तकाने जुने कायदेशीर नाते तुटते, नाव पुसले जाते. अर्धवट नाते उरलेल्या मुलांसाठी बारी शहराच्या बाल न्यायालयाने २००३ पासून 'सौम्य दत्तक' अशी वाट काढली. नवे घर मिळते पण जुने नाव पूर्ण पुसत नाही. २०१५ च्या कायद्याने वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या प्रतिपालकांना दत्तकासाठी विचारात घेणे आणि त्यांचे म्हणणे ऐकणे सक्तीचे केले. मुलाने दोनदा पोरके का व्हावे, हा त्यामागचा विचार. आणि २०२३ साली घटना न्यायालयाने आपल्या १८३ क्रमांकाच्या निकालात म्हटले की, पूर्ण दत्तकानंतरही मुलाच्या हिताचे असेल तर जन्माच्या घरातल्या माणसांशी प्रत्यक्ष भेटीगाठी चालू ठेवायला न्यायाधीश परवानगी देऊ शकतो. अर्ध्या पदकाचे दोन तुकडे कायद्याने प्रथमच जवळ आणले, असे मला वाटले.

विभक्त नवराबायकोंच्या मुलांविषयी थोडक्यात. १९७५ पर्यंत तिथे 'पात्रिया पोतेस्ता' म्हणजे बापाची सत्ता होती. त्या वर्षी ती दोघांची झाली. २००६ च्या ५४ क्रमांकाच्या कायद्याने मूल दोघांच्या संयुक्त जबाबदारीत राहणे हा नियम आणि एकाकडेच देणे हा अपवाद ठरला. प्रत्यक्ष राहणे बहुधा आईकडे. २०१३ साली 'सत्ता' हा शब्दच संहितेतून काढून 'पालकत्वाची जबाबदारी' असा घातला. विवाहातली आणि विवाहाबाहेरची मुले असा भेदही तेव्हाच संपला. कागदावर सुंदर. पण मारकुट्या बापाकडे जायला मूल नकार देते तेव्हा 'आईने भरवले' असा ठपका आईवर यायचा आणि मूल संस्थेत जायचे, असे खटले झाले आहेत. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने अशा एका प्रकरणात मुलाला बळाने आईपासून नेण्याचा आदेश रद्द केला.

पैशाची बाजू कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. निवासात एक मूल ठेवायला नगरपालिकेला महिन्याला काही हजार युरो पडतात. प्रतिपालक कुटुंबाला मिळतात काही शे. आणि ज्या आईचे भाडे थकले म्हणून हे सारे सुरू झाले तिला? हा प्रश्न इटलीतही विचारला गेला. २०११ साली श्रम मंत्रालय आणि पादोव्हा विद्यापीठ यांनी दहा शहरांत 'पिप्पी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. एकटी राहणारी, बंडखोर, लाल केसांची पिप्पी ही स्वीडिश बालकथांतली पोर, तिचे नाव. मूल काढण्याआधी घरी शिक्षक जातो, आईबापांचे गट बसतात, शाळेला सोबत घेतले जाते, शेजारचे एखादे कुटुंब पाठीशी उभे केले जाते. पुढे कार्यक्रम देशभर पसरला आणि २०२१ ते २०२३ च्या राष्ट्रीय सामाजिक योजनेत तो सर्वांना मिळालीच पाहिजे अशी मूलभूत सेवा ठरवला गेला. 'उपलब्ध निधीच्या मर्यादेत' ही पुस्ती मात्र मूळ कायद्यात तशीच आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली की निवासातला मुलगा रस्त्यावर येतो, हे तिथेही होते. २०१८ पासून अशा तरुणांना एकवीस वर्षांपर्यंत आधार देण्याचा प्रयोग चालू आहे. आणि १८४ च्या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार दत्तक गेलेल्या व्यक्तीला वयाच्या पंचविसाव्या वर्षी बाल न्यायालयाकडे अर्ज करून आपले जन्मदाते कोण, हे विचारता येते.

आमच्या त्या मुलाने विचारले ते अठराव्या वर्षीच, १९९४ साली. संस्थेतून सुटून तो थेट माझ्या कार्यालयात आला. मिसरूड फुटलेले, हातात पत्र्याची पेटी. म्हणाला, "साहेब, फाईलमध्ये आईचा पत्ता असेल ना?" मी फाईल काढली. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'रेल्वे फाटकामागील झोपडपट्टी'. ती झोपडपट्टी १९८९ साली उठवली होती.